नेदरकोमची घंटा

या, असे पुढे येऊन बसा. मागच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील, पण समोरची जागा रिकामी असली की माझा आवाजच फुटत नाही. अजून थोडं सरका. आज एका गावाची गोष्ट सांगणार आहे. गाव इंग्लंडातलं, सांगणारी मिरजेची, आणि गोष्ट घडली ती जर्मनीत, हॅनोव्हरला, माझ्या मुलाच्या बिल्डिंगमध्ये. मात्र शेवटी गजर होईल असं धरून बसू नका. का ते कळेल.

मी वसुधा. शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला, पण खरा जीव कीर्तनात. वडील कीर्तन करायचे. त्यांच्यामागे झांज धरून उभी राहायचे, तिथंच शिकले. त्यांनी एक नेम घालून दिला होता. "वसू, आख्यान मंगलातच संपवायचं. माणूस घरचं रडं घेऊन आपल्यापुढे बसतो. त्याला आणखी रडं देऊन परत पाठवायचं नाही." हे मी पदराला गाठ मारून ठेवलं. पन्नास वर्षं ती गाठ सुटली नाही.

मुलगा यशोधन आणि सून ऋचा दोघंही हॅनोव्हरला नोकरी करतात. मी दर वर्षी नव्वद दिवसांच्या व्हिसावर जाते. तिथं दुपारी एक ते तीन रुहेझाइट असते, म्हणजे कुणीही आवाज करायचा नाही. आणि त्या घरात मला तेवढीच दुपार मोकळी मिळते. म्हणून मी चिपळ्या घेऊन तळघरात जायचे. तिथं सगळ्या बिऱ्हाडांची कपडे धुण्याची मशिनं ओळीनं ठेवलेली. दार लावलं की आवाज वर जात नाही. एक दिवस मी अशीच प्रल्हादाला खांबापाशी उभा केला होता, तेवढ्यात दार उघडलं. चाकांचा वॉकर ढकलत एक उंच, वाकलेली म्हातारी आत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मशिनांकडे पाहिलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "वॉशिंग मशिनांना उपदेश करणाऱ्या त्या तुम्हीच का?"

मी म्हटलं, "हो. आणि आमच्या मंडळींपेक्षा बरी ऐकतात. मध्ये फोन बघत नाहीत."

ती इतकी हसली की तिला मशिनीला धरून उभं राहावं लागलं.

या मार्जोरी ब्रांडेस. वय अठ्ठ्याऐंशी, मुक्काम तळमजला. माहेर इंग्लंडचं. एकोणसाठ साली ब्रिटिश सैन्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून हॅनोव्हरला आल्या, रेल्वेतल्या एका जर्मन माणसाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मला जर्मन येत नाही आणि त्यांना साठ वर्षांत इंग्रजी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मग काय, रोज चार वाजता मी खाली. त्या चहा करायच्या, मी चिवडा न्यायची. त्या चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायच्या आणि बशी माझ्याकडे सरकवायच्या. "तुमच्या वाट्याचं ठेवलंय हं," असं वर ऐकवायच्या.

एका दुपारी त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. चाळीस पानं, हिरवं कव्हर, पिना गंजलेल्या. नेदरकोम गावाचा इतिहास. लेखक एडविन पिम, मुख्याध्यापक, गावची शाळा. "माझे वडील," त्या म्हणाल्या.

इतिहासाच्या बाईला आणखी काय हवं? दोन दिवसांत वाचून काढलं. एक्केचाळीस चुली असलेलं गाव. नदीकाठी पिठाची गिरणी, टेकाडावर चर्च. चर्चचा मनोरा बांधायला दगड कुठून आणले, किती बैल लागले, त्यातला कुठला बैल वाटेत मेला, तेसुद्धा पिमसाहेबांनी लिहिलेलं. रोगाची साथ आली त्या वर्षी निम्मं गाव गेलं. एकोणीस जणांची नावं वहीत सापडली, बाकीच्यांच्या नुसत्या रेघा. गावात एक विहीर होती. नवी नवरी आली की आधी तिचं घोटभर पाणी प्यायची, मग सासरच्या दारात पाऊल. वाचताना मला सारखं वाटत होतं, हे सगळं आपल्याकडच्या एखाद्या गावाचं असतं तरी असंच असतं.

पान एकतीसवर सत्तेचाळीस सालचा पूर होता. दोनच ओळी. "मार्चमध्ये बर्फ वितळून नदीला पूर आला. घंटा वाजली नाही. गिरणीवाल्याची पत्नी आणि तिची आई बुडाल्या." पुढच्या पानावर शाळेच्या नव्या छपराची हकीकत.

मी म्हटलं, "मार्जोरीबाई, बैलाची सबंध गोष्ट लिहिणारा माणूस इथं दोन ओळींत का आटपतो?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "कारण घंटेपाशी त्यांचा मुलगा होता. माझा भाऊ. वॉल्टर."

त्या सांगत गेल्या ते असं. त्या वर्षी हिवाळा फार कडक होता. बर्फ वितळायला लागल्यावर गावानं पाळ्या लावल्या. मनोऱ्याच्या खिडकीतून गिरणीचा घाट दिसायचा. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं की घंटा वाजवायची आणि खालच्या लोकांनी टेकाडावर यायचं. रविवारी बारा ते चार वॉल्टरची पाळी होती. तो एकोणीस वर्षांचा, एक पाय आखूड, म्हणून सैन्यात घेतला नव्हता. बेकरीत कामाला होता, पहाटे तीनला उठायचा. मनोऱ्यात गारठून गेला म्हणून खालच्या खोलीत शेगडीपाशी जरा टेकला आणि झोप लागली.

"आठवडाभरानं तो गाव सोडून गेला. कुणी जा म्हणालं नाही. कुणी थांबही म्हणालं नाही. एका बंदरावरून एक पोस्टकार्ड आलं, मग काहीच नाही. वडिलांनी तीन वर्षांनी पुस्तक लिहिलं. त्यात आमच्या मांजराचंही नाव आहे. वॉल्टरचं नाही."

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या गाण्यात तुम्ही नावं घालता आणि लोक ती म्हणतात. माझं गाव घालाल? आणि वॉल्टरला? चारचौघांत त्याचं नाव एकदा घेतलं जावं. मी गेले की ते ठाऊक असलेलं कुणी उरणार नाही."

मी त्यांचा हात धरला. "घालते. शब्द देते."

हॅनोव्हरच्या मराठी मंडळाचं कीर्तन महिन्यातून एकदा, चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. पेटीला उत्कर्ष, तिथं पीएच.डी. करणारा सोलापूरचा मुलगा. तबला त्याच्या फोनमधल्या ॲपवर. मी तीन आठवडे आख्यान बांधत होते. बैल घेतले, विहीर घेतली, साथीतली एकोणीस नावं एका कडव्यात बसवली. पुराशी आले आणि अडले. पोरगा झोपलाय, दोन बायका बुडतात, बाप नाव खोडतो, भाऊ परत येत नाही. याचा शेवट मंगलात कसा करायचा? आणि समोर अठ्ठ्याऐंशी वर्षांची बहीण बसणार. तिला रडं देऊन घरी पाठवायचं?

तळघरात मशिनांपुढे फेऱ्या मारताना एकदम सुचलं. आपल्या कीर्तनात काय होतं? भक्त अडला की देव त्याचं रूप घेऊन येतो, त्याचं काम करून जातो. वॉल्टर झोपलाय. पाणी दुसऱ्या पायरीला. आणि मनोऱ्याच्या जिन्यावर पावलं वाजतात, एक पाय आखूड असल्यासारखी. देवच वॉल्टर होऊन दोर ओढतो! माझे डोळे भरून आले. वाटलं, हे मला सुचलेलंच नाही, वरून आलंय.

कीर्तनाच्या दिवशी मार्जोरीबाई निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी ऋचा, कानाशी इंग्रजीत सांगायला. पूर्वरंग झाल्यावर मी मुद्दाम त्यांनाच उठवलं. त्यांनी मला हार घातला, मी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. "हे धुतल्यावर जातं ना?" त्यांनी हळूच विचारलं आणि सभा हसली.

मग नेदरकोम उभं राहिलं. मी उगीच सांगत नाही, त्या दिवशी आवाज लागला होता. बैल मेला तेव्हा माणसं हळहळली. विहीर आली तेव्हा मार्जोरीबाई मान डोलावत होत्या. वॉल्टर पिम हे नाव मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. सभेनं ते नाव माझ्यामागून म्हटलं. आणि मग घंटा वाजली. उत्कर्षनं पेटी सोडून झांज अशी वाजवली की अंगावर काटा यावा. सगळं गाव टेकाडावर, गिरणीवाल्याची बायको तिच्या आईला पाठीवर घेऊन चढतेय, कुणी बुडालं नाही, खाली उतरून बघतात तर वॉल्टर शेगडीपाशी झोपलेला. मग दोर ओढला कुणी? जयजयकार! बायका डोळे पुसत होत्या.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ऋचाचं सांगणं थांबलं होतं. मार्जोरीबाई समोर बघत होत्या आणि त्यांचा चेहरा एखाद्या बंद दारासारखा झाला होता.

प्रसाद वाटताना मी त्यांच्यापाशी गेले. तोंडभर हसत गेले, हे कबूल करते. वाटलं होतं गळ्यात पडतील.

"घंटा वाजली नव्हती," त्या म्हणाल्या.

"हो, पण आमच्याकडे आख्यान..."

"वडिलांच्या पुस्तकात वॉल्टर नाही. तुमच्या गोष्टीत त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी आहे." त्यांनी वॉकर वळवला. "तरी तो नाहीच."

त्या दिवसापासून चार वाजता बेल दाबली तरी दार उघडेना. आत पावलांचा आवाज यायचा. मी चिवड्याचा डबा दाराशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो तसाच असायचा, शेंगदाण्यांसकट.

खरं सांगते, आधी मला राग आला. ऋचाला म्हटलं, "देव दिला गं मी तिला. आणखी काय द्यायचं?"

ऋचा भांडी मशिनीत लावत होती. "आई, एक बोलू? रागवणार नाही ना?"

"बोल. रागवायचं की नाही ते मी नंतर बघते."

"त्या दोन बायका बुडाल्या ना हो. तुम्ही त्यांना वर चढवलंत. मला ते इंग्रजीत सांगताना जीभ रेटेना. सभेत एवढी माणसं होती, पण जिच्या घरात हे घडलं ती एकटीच होती. तुम्ही शाळेत पोरांना पानिपत जिंकून दिलं असतंत का?"

"हे जरा लागलं," मी म्हटलं.

"लागावं म्हणूनच म्हटलं," ऋचा म्हणाली आणि ताटली नीट लावायला लागली.

चौतीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई मी. ठरवलं, खाली जायचं, दाराबाहेर उभं राहून का होईना, माफी मागायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अँब्युलन्स आली. मार्जोरीबाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. आधी हॉस्पिटल, तिथून फ्लेगेहाइम, म्हणजे जिथं आजारी म्हाताऱ्यांची काळजी घेतात ते घर. भेटायला फक्त नातेवाईक, असं फोनवर कळलं. ऋचानं रोज फोन करून परवानगी मिळवली तेव्हा माझ्या नव्वद दिवसांतले दोन उरले होते.

ट्रॅमनं गेलो. दुपारची वेळ. खोलीत लिंबाच्या साबणाचा वास, खिडकीत ऊन. मार्जोरीबाई उशीत बुडाल्या होत्या, एवढ्याशा झाल्या होत्या. हिरवं पुस्तक उशाशी. नर्स ऋचाला बाहेर घेऊन गेली आणि काही सांगू लागली. बोलणं कळलं नाही, पण ऋचानं दारातून माझ्याकडे पाहिलं, त्यावरून कळलं.

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. कुठल्या तरी दूरच्या जागेवरून विचारल्यासारखं विचारलं, "घंटा वाजली का?"

आता सांगा, मी काय म्हणायचं होतं? मरणाच्या वाटेवरचं माणूस. "हो" म्हणणं किती सोपं होतं. पदराची गाठ होती, वडील होते, पन्नास वर्षांची सवय होती. मी त्यांचा हात हातात घेतला.

"नाही, मार्जोरीबाई," मी म्हटलं. "घंटा वाजली नाही."

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. आता नजर ओळखीची होती. "पुढं?"

मग मी आख्यान लावलं. पेटी नाही, झांज नाही. उभी राहिले, कारण बसून कधी केलेलं नाही. इंग्रजीतच, माझ्या मास्तरणीच्या इंग्रजीत, हळू आवाजात. रविवार होता. वॉल्टर पिम पहाटे तीनपासून पाव भाजत होता. बाराला मनोरा चढला, आखूड पाय एकेक पायरी ओढत. हात दोराला चिकटतील इतकी थंडी. जरा वेळ म्हणून शेगडीपाशी टेकला. पाणी पहिल्या पायरीला. दुसऱ्या. तिसऱ्या. घंटा वाजली नाही. गिरणीवाल्याची बायको आणि तिची आई गेल्या. "त्यांची नावं मला ठाऊक नाहीत," मी थांबून म्हटलं.

"एलन. आणि म्हातारी रूथ."

"एलन आणि रूथ गेल्या. वॉल्टर जागा झाला तेव्हा..."

"थांबा," त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास लहान झाला होता. "तिथं राहिलंय. दोन वाजता."

"दोन वाजता काय?"

"त्यानं मला सांगितलं होतं, मार्ज, दोन वाजता चहा घेऊन ये, नाहीतर मी झोपेन. मी अकरा वर्षांची होते. किटली घेऊन निघाले. वाटेत डबक्यावर बर्फ राहिलं होतं, पोरं घसरत होती. मी किटली भिंतीवर ठेवली आणि घसरायला गेले." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "किटली थंड झाली. मग मला न्यायची लाज वाटली."

मी त्यांची उशी सारखी केली. त्या पुढे सांगू लागल्या.

"वडिलांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुला झोप कशी लागली? मी दाराआड होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, लागली. एवढंच. पुढेही कधीच सांगितलं नाही. जाताना बेकरीतला एक गोड पाव माझ्या उशाखाली ठेवून गेला." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या देवानं घंटा वाजवली तर वॉल्टरनं ते माझ्यासाठी लपवलं कधी?"

मला उभं राहवेना. पलंगाच्या कडेला बसले. कीर्तनकार बसला की कीर्तन संपलं असं आमच्यात मानतात. ते तिथंच संपलं. मंगल झालं नाही.

थोड्या वेळानं त्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पान एकतीस. बाजूला जागा आहे. तिथं लिहा. माझा हात चालत नाही."

मी पेन काढलं. "इंग्रजीत लिहू?"

"तुमच्या लिपीत लिहा," त्या म्हणाल्या, आणि त्या चेहऱ्यावर क्षणभर ती तळघरातली बाई आली. "वडिलांना वाचता यायला नको."

दोघी हसलो. मग त्या हसण्याचं काय झालं ते सांगत नाही.

मी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी वॉल्टर हा शब्द आला तिथं त्यांनी बोट ठेवलं. पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. निघताना मी म्हटलं, "मार्जोरीबाई, मला माफ करा." त्या म्हणाल्या, "चिवडा आणलात का?" मी गडबडीत विसरले होते. "मग माफ नाही," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी मी विमानात होते. मिरजेला येऊन अकरा दिवस झाले तेव्हा यशोधनचा फोन आला. "आई, मार्जोरीबाई गेल्या. सकाळी, झोपेत." दफनाला हे दोघं, उत्कर्ष, फ्लेगेहाइममधली एक नर्स आणि बिल्डिंगची देखभाल करणारा हाऊसमाइस्टर, एवढीच माणसं होती. ऋचानं फुलांबरोबर मूठभर शेंगदाणे ठेवले. पाद्रीबाईंनी विचारलं, हा तुमचा काही विधी आहे का? ऋचा म्हणाली, "हो. आजपासून आहे."

तेव्हापासून मी आख्यानाचा शेवट सुधारत नाही. वडिलांच्या फोटोपुढे उभी राहून सांगितलं, "आप्पा, एक गाठ सोडली. रागावलात तर मी वर आल्यावर बघू." देव त्या रविवारी कुठं होता हे मी त्याला रोज विचारते. तो सांगत नाही. मीही नामस्मरण सोडत नाही. आमचं दोघांचं असंच चाललंय.

हे बघा ते पुस्तक. हे पान एकतीस, आणि हे कडेला माझं अक्षर. वाचते. "वॉल्टर पिम, वय एकोणीस, घंटेपाशी होता. त्याला झोप लागली. दोन वाजता बहिणीनं चहा आणायचा होता, तो आला नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही."

नेदरकोममध्ये हे कुणाला ठाऊक नाही. हॅनोव्हरला ज्यांना ठाऊक होतं त्या गेल्या. आता तुम्हाला ठाऊक झालं. देवाचं नाव तुम्ही घ्यालच, त्यासाठी माझी गरज नाही. पण घरी जाऊन चहा टाकाल, आधण येईपर्यंत उभे राहाल, तेवढ्या वेळात एकदा त्या पोराची आठवण काढा. एलन आणि रूथ यांचीही काढा. वॉल्टर पिम. मोठ्यानं म्हणायला हवं असं नाही.